शेवटच्या बाकावरचं 'नाही पटलं'

१ सप्टेंबर, सोमवार

ताईचा हुकूम आहे म्हणून लिहितोय. काल फोनवर म्हणाली, "भिंगऱ्या, नोकरी सोडायची तर खुशाल सोड. पण त्याआधी रोज चार ओळी लिहीत जा. का सोडलीस ते निदान तुझं तुला तरी कळेल." मी म्हटलं, मला निबंध आला असता तर शाळा कशाला सोडली असती? तर म्हणे, निबंध नको, खरं लिही.

तर खरं असं की मी सध्या एका विद्यापीठात, गणित विभागात शिपाई आहे. याआधी गॅरेजात होतो, त्याआधी छापखान्यात, त्याआधी हॉटेलात. ताईच्या मते माझ्या पायाला भिंगरी आहे. माझ्या मते नोकऱ्याच कंटाळवाण्या असतात, त्याला पाय काय करतील? इथूनही महिनाअखेर निघायचं ठरलंय. गॅरेजात ओळख झालेला एक दोस्त लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्याला जोडीला माणूस हवाय.

इथलं काम तसं सोपं आहे. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, खडू ठेवायचे, संध्याकाळी कुलपं लावायची. अवघड आहेत ती इथली माणसं. आज एक सर रिकाम्या वर्गात बाकावर आडवे पडून छताकडे बघत होते. मी घाबरून पाण्याचा पेला घेऊन धावलो. "सर, बरं वाटत नाही का?"

"काम करतोय," सर म्हणाले.

असंच काम मी गॅरेजात करत होतो, तर मालकाने हाकलून दिलं.

३ सप्टेंबर, बुधवार

त्या आडव्या सरांना पोरं 'पाठमोरे सर' म्हणतात. मला आडनावच वाटलं. "पाठमोरे सर, हा घ्या खडू," म्हणून मी पुढे झालो तर अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मग कळलं. सर वर्गात शिरतात, फळ्याकडे तोंड करतात आणि तास संपेपर्यंत वळतच नाहीत. बोलणं फळ्याशी, प्रश्न फळ्याला, आणि "समजलं?" हेही फळ्यालाच. फळ्याची ना नसते, मग पुढे जातात.

तासानंतर मला म्हणाले, तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, "मागचं दार फार करकरतं रे. कुणी जरा हललं की माझा धागा तुटतो. काही करता येईल का?"

गॅरेजातल्या माणसाला हे विचारायचं असतं होय? बिजागऱ्यांना असं तेल पाजलं की दार लोण्यासारखं फिरायला लागलं. सरांनी उघडून बघितलं, मिटून बघितलं. "सुंदर!" म्हणाले. मला नाही, दाराला.

८ सप्टेंबर, सोमवार

दाराचं काम फक्कड झालंय. तास चालू असताना पोरं आली-गेली तरी सरांना पत्ता लागत नाही. म्हणजे गेलेली दिसतात, आलेली अजून दिसली नाहीत. हवा खायला जात असतील. मोठ्या वर्गात जरा कोंदटच आहे.

ट्रकवाल्याचा फोन आला होता. "येतोस ना नक्की?" म्हटलं, बॅग तयार आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज गंमत झाली. तास संपत आला म्हणून मी फडकं घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसलो होतो. सर फळा भरभरून लिहीत होते. शेवटी खाली दोन रेघा मारल्या, हात झटकले आणि काय मनात आलं कोण जाणे, वळले.

वर्गात मी एकटा.

सर इकडे बघतात, तिकडे बघतात. जणू पोरं बाकाखाली लपलीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला समजलं?"

"नाही सर."

"कुठपासून नाही?"

"सुरुवातीपासून."

मला वाटलं चिडतील. पण ते पायऱ्या चढत वर आले आणि माझ्या पुढच्या बाकावर उलटे बसले, माझ्याकडे तोंड करून. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट बघितला. म्हातारे नाहीत. नुसते कपडे म्हातारे आहेत.

"सुरुवातीपासून म्हणजे कुठून?" त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी मनापासून, जसं काही मी कुठेतरी पाकीट हरवून आलोय आणि आम्ही दोघं ते शोधणार आहोत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. आवाज हळू, पण ऐकणारा आपोआप शर्टाचं वरचं बटण लावतो.

"मोठ्या वर्गाच्या दाराला तेल कोणी घातलं?"

मी छाती काढून म्हटलं, "मी, बाई."

"शाबास. ते दार करकरायचं म्हणून तरी पोरं लाजेकाजेने बसायची. आता सगळी हातावर तुरी देऊन पसार होतात."

माझी छाती जागच्या जागी बसली. मग बाईंनीच खुर्चीकडे बोट दाखवलं. सरांची नेमणूक कच्ची आहे. पुढच्या महिन्यात कायम करायचं की निरोप द्यायचा, ते ठरवायला समिती येणार आहे. सरांच्या लेखांवर लांबलांबचे विद्वान माना डोलवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण समिती तासाला येऊन बसणार, आणि तिथे सर फळ्याशी बोलणार. "याआधी तीन विद्यापीठांनी असंच घालवलंय त्यांना," बाई म्हणाल्या. "मला माणूस हवाय. पण पाठीची शिफारस मी कशी करू?"

मी म्हटलं, दाराचं तेल पुसून काढतो. बाई म्हणाल्या, "आता काय उपयोग? पोरांना चव लागली."

१६ सप्टेंबर, मंगळवार

तास आटोपले की सर मला मोठ्या वर्गात बसवतात आणि शिकवतात. मला काही गणिताची हौस नाही, बसायला मिळतं म्हणून बसतो. अट एकच घातली त्यांनी. नाही पटलं की तिथल्या तिथे डस्टर आपटायचा.

आज एवढा आपटला की दोघेही पांढरे होऊन बाहेर पडलो.

विषय असा. एक खडू दोघांत वाटला तर अर्धा मिळतो. तिघांत वाटला तर आणखी लहान, चौघांत वाटला तर त्याहून लहान. अशी माणसं वाढवत जायची. सर म्हणाले, "प्रत्येकाचा वाटा शून्याकडे जातो."

मी डस्टर आपटला. "शून्याला पोचतो का?"

"नाही. थोडा का होईना, वाटा मिळतोच."

"मग जातो कशाला म्हणायचं? जो पोचलाच नाही, त्याला आमच्याकडे गेला म्हणत नाहीत. वाटेत बसला म्हणतात."

सर हसले नाहीत. फळ्याकडे वळले. मी पुन्हा डस्टर आपटला. "सर, मी इकडे आहे."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सरांच्या बायको आल्या होत्या डबा विसरला म्हणून. मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम नको रे बाबा, वहिनी म्हण. मॅडम म्हटलं की फी मागितल्यासारखं वाटतं."

सर खोलीत नव्हते. म्हणजे होते, पण बाकावर आडवे होते. वहिनींनी दारातूनच बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला. "काम चाललंय. तासाभराने दे. आता दिलास तर डबा उशाला घेतील."

मी विचारलं, हे फळ्याकडे बघूनच का बोलतात?

"घरीसुद्धा गॅस बंद कर हे मला भिंतीकडे बघून सांगतात," वहिनी म्हणाल्या. "माणसाच्या तोंडाकडे बघितलं की त्यांना वाटतं, याला हे सगळं येतच असणार, मी काय सांगू? भित्रा आहे रे माझा नवरा. नुसता हुशार असता तर कुठेही टिकला असता."

मग म्हणाल्या, "दर वेळी नवं गाव. दर वेळी मी शिवणाचं गिऱ्हाईक जमवते आणि जमलं की उठायचं. या वेळी मी सांगून टाकलंय, आता हलायचं तर तुम्ही जा, मी येणार नाही."

"मग सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? भिंतीकडे बघून 'बरं' म्हणाले."

मला कळेना, यात एवढं काय. गावं बदलायला मिळतात म्हणजे मजाच की. मी तर त्यासाठी ट्रकवर चाललोय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज गुंता सुटला. सर घाईघाईने आले आणि पहिल्यांदाच फळ्याकडे न जाता थेट माझ्यासमोर उभे राहिले. "तू भांडकुदळ आहेस ना?"

"ताई तसं म्हणते."

"मग भांड. तू अंतर मागायचं, कितीही बारीक. शून्यापासून तेवढ्या अंतराच्या आत वाटा आणून दाखवणं माझ्याकडे लागलं."

मी म्हटलं, नखाएवढं. सर म्हणाले, एवढी माणसं बोलाव, आला. मी म्हटलं, केसाएवढं. आणखी माणसं बोलाव, आला. मी म्हटलं, खडूच्या धुळीतला एक कण, त्याचाही शंभरावा तुकडा! सरांनी फळ्यावर दोन ओळी खरडल्या आणि गर्रकन वळले. "आला! आणि पुढे कितीही माणसं वाढव, वाटा त्या अंतराच्या बाहेर पडणार नाही."

"म्हणजे मी कितीही कटकट केली तरी तुम्हीच जिंकणार?"

"तू कितीही कटकट केलीस तरी! यालाच सीमा म्हणतात." सर इतके खूश झाले की खडू खिशात आणि रुमाल खडूच्या पेटीत ठेवून गेले. जाता जाता म्हणाले, "इतकी वर्षं मी हे एकटाच शिकवत होतो. हे दोघांचं आहे."

पटलं, पण त्यांना सांगितलं नाही. उद्या येणार नाहीत मग.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ताईशी वाजलं. म्हणाली, "तू कुठेच टिकत नाहीस." मी म्हटलं, "कुठेच म्हणजे? तुझ्या विधानात 'कुठेच' आहे. ते सिद्ध करायचं तर सगळ्या जागा तपासाव्या लागतील. खोडायला मला एकच जागा पुरे."

ताईने माझं नाव घेऊन मीच बोलतोय ना, ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुला ताप आहे का रे?"

ट्रकवाल्याला कळवलं, समिती होईपर्यंत थांब. सर एकटे पडतील म्हणून नव्हे. बाईंनी रजा दिली नसती.

३० सप्टेंबर, मंगळवार

पोरं परत यायला लागलीत. सरांनी वर्गातही भांडण सुरू केलंय. मी शेवटच्या बाकावरून अंतर मागतो आणि सर माझ्याकडे बघत बोलतात. मधल्या पोरांना वाटतं त्यांच्याकडेच बघतात. तिसऱ्या रांगेतली वेणीवाली पोरगी आज मागे वळून मला म्हणाली, "तुम्ही सोपं अंतर मागता. मला मागू द्या." मी म्हटलं, आधी डस्टर आपटायला शीक.

पण मोठ्या बाईंनी संध्याकाळी बजावलं. "उद्या समिती येतेय. शिपायाने तासाला आरडाओरडा केलेला त्यांना चालायचा नाही. तू मागे बस हवं तर, पण तोंडातून शब्द काढायचा नाहीस."

"आणि सरांनी विचारलं तर?"

"मान हलव."

हे काय अवघड आहे? मान हलवून हलवून तर मी शाळेची वर्षं काढली.

१ ऑक्टोबर, बुधवार

हात अजून खडूने पांढरे आहेत, वहीला डाग पडले तर माफी.

समितीत तिघं होते. त्यातले मधले म्हातारे सारखं घड्याळ काढून बघायचे. त्यांना मी मनातल्या मनात घड्याळवाले म्हटलं. सर आत आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. वहिनींनी बहुतेक अंगावरच केली असावी. वर्ग भरलेला. सर पोरांकडे तोंड करून उभे राहिले. इथपर्यंत झकास.

खडूचे वाटे झाले. मग सर म्हणाले, "चला, मागा अंतर," आणि सवयीने माझ्याकडे बघितलं.

मी गप्प.

"का रे?" सर म्हणाले. "पटलं?"

मी बाईंकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "न विचारताच पटलं?" मी आणखी जोरात मान हलवली. सरांनी फळ्याकडे बघितलं, काहीतरी भलतंच चुकल्यासारखं. "माफ करा, माझं सांगणं बिघडलेलं दिसतं," म्हणाले आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. एक खडू, दोन माणसं.

पुन्हा तिथेच आले. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान अशी हलवली की मानेत कट्‌ झालं. सर आणखी घाबरले. पुन्हा एक खडू, दोन माणसं. पोरं चुळबुळायला लागली. घड्याळवाल्यांनी घड्याळ काढून हातातच धरलं. मोठ्या बाई डोळे मिटून बसल्या. तिसऱ्या खेपेला सरांचा आवाज बसला आणि ते हळूहळू, अगदी हळूहळू फळ्याकडे वळायला लागले.

आधी खांदा वळला. मग अर्धी पाठ दिसायला लागली.

मला नाही राहवलं. दोन्ही हातांनी डस्टर आपटला. "नाही पटलं!"

धुरळ्यातून मला काही दिसेना, पण सरांचा आवाज आला. "शाब्बास! काय नाही पटलं?"

"कशाला पटेल? तीनदा तेच सांगितलंत! मला केसाच्या हजाराव्या भागाएवढं अंतर हवंय. द्या!"

"देतो!" सर म्हणाले आणि खडू मोडेस्तोवर लिहून देऊन टाकलं. मग वेणीवाली उभी राहिली. "त्याच्याही निम्मं!" मग तिच्या मागचा. मग खिडकीजवळचे दोघं एकदम. एकच कल्ला. सर इकडून तिकडे धावताहेत, प्रत्येकाला त्याचं अंतर मोजून देताहेत आणि ज्याला दिलं त्याच्या तोंडाकडे बघून विचारताहेत, "आला का आत? बाहेर पडेल का पुन्हा?"

या गोंधळात घड्याळवाले उठले. आता संपलं, म्हटलं. ते म्हणाले, "एक मिनिट. दर वेळी यांनी मागितल्यावर तुम्ही देता. न मागता एकदाच कायमचा हिशेब का देत नाही?"

"कारण मागणारा अजून संपलेला नाही, सर," सर म्हणाले. "म्हणून असं उत्तर लिहायचं, की उद्या येणाऱ्यालाही पुरेल." आणि ते लिहिलं. घड्याळवाले बराच वेळ ते वाचत उभे राहिले. मग खाली बसले. घड्याळ खिशात ठेवायचं विसरले, बाकावरच राहिलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

बाहेर मोठ्या बाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. "तुला गप्प बसायला सांगितलं होतं."

"बसलो होतो, बाई. त्यानेच सगळा घोटाळा झाला."

७ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल आला. बाईंनी सरांना त्यांच्या खोलीत वाचून दाखवला, मी टेबल पुसत होतो. मुद्दामच पुसत होतो. समितीने लिहिलंय, अभ्यासक्रमाच्या मानाने गती फारच मंद आहे, एका तासात एकच गोष्ट शिकवली. शिस्तीबद्दलही दोन ओळी आहेत, त्या माझ्याबद्दल असाव्यात. आणि खाली, कायम करावे.

सर म्हणाले, "गतीबद्दल बरोबर लिहिलंय त्यांनी."

बाई म्हणाल्या, "अहो, खालची ओळ!"

"हो, ती वाचली," सर म्हणाले आणि खुर्चीवर बसले. खुर्ची तिथे नव्हती. आम्ही दोघांनी उचललं. हसत होते की काय कळेना, डोळ्यांत खडू गेला म्हणाले. खोलीत तर खडूच नव्हता.

घरी फोन लावला त्यांनी. मी बाहेर निघालो, तरी ऐकू आलं. "अगं, गिऱ्हाइकांना सांग, शिवायला कपडे टाकायला हरकत नाही. हो. हो. नाही, आता नाही हलायचं."

१२ ऑक्टोबर, रविवार

ट्रकवाल्याबरोबर आज निघायचं होतं. पण वहिनींनी बोलावलं, सामानाची बांधूनच ठेवलेली खोकी उघडायला एक माणूस हवा म्हणून. ट्रकवाल्याला म्हटलं, पुढच्या फेरीला नक्की. तो म्हणाला, "मला दुसरा मिळालाय." बघू. त्याच्यासारखे ट्रकवाले पुष्कळ आहेत.

सरांच्या घरात भिंतींना एक खिळा नव्हता. कच्च्या नोकरीत वहिनींनी ठोकूच दिला नव्हता. आज मी दिवसभर ठोकले. शिवणयंत्रावरच्या फळीला, आरशाला, कोटांना. सर मधे मधे येऊन म्हणायचे, "हा जरा वाकडा आहे," आणि वहिनी म्हणायच्या, "तुम्ही काम करा हो," की ते सतरंजीवर आडवे व्हायचे.

निघताना वहिनींनी विचारलं, "तुझं सामान कुठे असतं रे?"

"आहे की. एक बॅग, खाटेखाली. उघडतच नाही फारशी. उचलली की निघायला बरं."

त्यांनी उरलेले खिळे माझ्या मुठीत दिले आणि हातोडीही. "पुढच्या रविवारी आण परत," म्हणाल्या. त्यांच्याकडे काम उरलं नसेल, म्हणून दिले असतील.

खोलीवर येऊन एक ठोकून बघितला. भिंत भुसभुशीत आहे का ते बघायला, बाकी काही नाही. पक्का बसला. ओढून बघितलं तर आता निघत नाही. त्याला बॅगेतला चांगला शर्ट अडकवलाय. नुसता खिळा बरा दिसत नव्हता.